तेलाचा बुधला

देल्फीत उन्हं डोंगर उतरायच्या आधी
मी धोंड्याला तेल घालतो.
बुधला काखेत, गुडघ्यात कळ,
आणि मागून येतो लायादास, माझा मुलगा,
मुद्दाम माझ्याहून हळू.

फार मोठा नाही हा धोंडा. तान्ह्या पोराएवढा.
असणारच. रेआनं मापूनच उचलला होता,
दुपट्यात गुंडाळला, टाळू झाकली,
रडण्याचा आवाजसुद्धा म्हणे स्वतःच काढला
आणि दिला नवऱ्याच्या हातात.
क्रोनोसनं पाहिलंही नाही.
पाच पोरं गिळल्यावर
सहाव्याचं तोंड कोण बघतो?

यात्रेकरू विचारतात, देव असून फसला कसा?
मी सांगतो, भीतीला चव नसते.
बापाला त्यानं विळ्यानं कापलं होतं,
आभाळाचं रक्त मनगटावर वाळलं होतं,
आणि म्हातारा जाताना एवढंच म्हणाला,
तुझीही पाळी येईल.
त्या तीन शब्दांची ही सगळी भूक.

माझी आई मला म्हणायची,
तुझ्याऐवजी धोंडा जन्मला असता
तर धुणं तरी आपटलं असतं त्यावर.
आता रोज हसू येतं.
एका बाईच्या कुशीत खरंच धोंडा निजला,
आणि त्याच्यावर जग तरलं.
फक्त त्याला कुणी विचारलं नाही
आत कसं होतं.

आत पाच भावंडं होती,
न चघळलेली, अंधारात उंच होत चाललेली.
ओकताना सगळं उलटं झालं:
शेवटी गेलेला धोंडा आधी पडला,
आणि थोरली हेस्तिया, पहिली गेलेली,
सर्वांत मागून आली,
म्हणून धाकटीही तीच.
घरात अशी एक असतेच,
थोरली कधी होती ते कुणाच्या लक्षात नसतं.

मग झ्यूसनं बापाला तार्तारोसात कोंडलं,
दाराला पितळ ठोकलं.
सुटले सगळे, असं वाटतं ना?
त्याच्याही कानात कुणीतरी सांगितलं,
मेतिसच्या पोटचा पोरगा तुझ्या जागी बसेल.
आणि ज्याच्याऐवजी दगड गिळला गेला होता
त्यानं पोराची वाट पाहिली नाही.
बायकोच गिळली. पोटुशी.
बापापेक्षा हुशार निघाला, इतकंच.

हा भाग मी यात्रेकरूंना सांगत नाही.
हे देऊळ त्याच्या मुलाचं आहे,
तेही पणजीच्या जागेवर,
तिचा अजगर मारून बांधलेलं.
आणि मला इथं महिन्याचं जव मिळतं.

तीन वर्षांपूर्वी लायादासला
किर्राच्या बंदरातून गलबतावर जायचं होतं.
निघायच्या रात्री मी आजारी पडलो.
खरा की खोटा,
आता माझं मलाच सांगता येत नाही.
तो थांबला.
त्याचं गाठोडं अजून माळ्यावर आहे,
गाठ तशीच.
दात न लावताही गिळता येतं माणसाला.
त्यासाठी देव असावं लागत नाही.

आज सण. धोंड्यावर कच्ची लोकर घालायची.
माझा हात थरथरला, तेल पायरीवर गेलं.
तो काही बोलला नाही.
काखेतून बुधला ओढून घेतला, जरा जोरानंच,
आणि माझ्याहून बारीक धार धरली.
मला राग आला.
खरं सांगतो, आधी रागच आला.
मग मी लोकर घातली,
कडा खोचल्या, जशा तान्ह्याच्या खोचतात.

परतताना तो पुढे होता.
खाली आखाताच्या पाण्यावर
एक शीड उलगडत होतं.
मी बोट दाखवलं नाही.
त्यानं पाहिलं की नाही,
पाठीवरून कळलं नाही.