अकरा पुरुस दोर

जालन्यात कुणाच्या आडात कळशी पडली
की माणसं माझ्या पणज्याकडे येत, येसूबा रणपिश्याकडे.
तीन नख्यांचा गळ, अंबाडीचा दोर, अकरा पुरुस.
त्याहून खोल आड गावात नव्हताच.
तो डोळे मिटून गळ फिरवायचा.
तांब्या लागला की बादली, नुसत्या हिसक्यावरून सांगायचा.
एकदा कचेरीतल्या कारकुनाची किल्ली काढली.
एकदा कुणाचं तरी तान्हं.
त्याविषयी तो बोलत नसे.

त्याची सालोमी मिशनच्या डाक्टरांकडे आया होती.
सतराचं साल, मोठी लढाई चालू.
साहेबाची दोन पोरं विलायतेला पोचवायची म्हणून
ती छोट्या गाडीनं मनमाडला गेली,
तिथून मुंबईला, तिथून पाण्यावर.
निघताना म्हणाली, बाबा, काय आणू?
दोर आण, तो म्हणाला. जहाजाचा.
लै टिकतो म्हणत्यात.

तार पाद्रीसाहेबांकडे आली.
त्यांनी नकाशा पसरला, निळ्यावर बोट ठेवलं, म्हणाले, इथं.
मग बोट उचललं.
खाली नुसतं निळं.

पाण्याखालून चालणारी बोट असते, येसूबा.
तिनं खालून मारलं.
म्हंजे बुडालेली बोट?
बुडालेली नाही. बुडते, आणि परत वर येते.
आन् आपली?
पाद्रीसाहेब चष्मा पुसत राहिले.

किती पुरुस हाय तिथं?

त्यांनी पुस्तक काढलं, कागदावर गुणाकार केला.
हजाराच्या वर, म्हणाले.

पुरुस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला एक माणूस.
हजार माणसं, एकाच्या तळहातांवर दुसऱ्याचे पाय,
सगळ्यांचे हात वर,
आणि सगळ्यात खाली सालोमी.

पुढे यादी छापून आली. साहेबाची पोरं वाचली होती,
त्यांची नावं होती, वयंसुद्धा.
होडीत त्यांना कुणी ठेवलं ते नव्हतं.
बुडालेल्यांच्या पानावर तळाशी एक ओळ:
आया, एक.

त्या उन्हाळ्यापासून येसूबा दोर वळू लागला.
कुंडलिकेत अंबाडी भिजवायची, सोलायची, वाळवायची,
दिवे लागल्यावर मांडीवर पीळ घालायचा.
पुरुसाला एक गाठ.
कुणी विचारलं, कामून रं एवढा?
तर म्हणायचा, आड खोल झालेत आता.
बायकोनं एकदा रागानं वेटोळं अंगणात फेकलं
आणि मग रात्रभर तीच ते गुंडाळत बसली.

चौदा वर्षं. तीनशे चाळीस गाठी झाल्या.
मग तो गेला, आणि पेटी खाली सोडायला
तोच दोर काढला.
माझा आजा एका टोकाला होता.
तो सांगायचा, एवढा दोर,
आणि एक पुरुससुद्धा लागला नाही.
माणूस पुरला. दोर पुरून उरला.

उरलेल्याच्या बाजा विणल्या, शेरडं बांधली,
काही वाळवीनं खाल्ला.
आता सगळीकडे बोअर.
सहा इंचांच्या भोकात गळ जात नाही,
हात वर केलेला माणूस तर नाहीच.

गळ माझ्याकडे आहे, खिळ्यावर.
रात्री हायवेवरून लोखंडाचा ट्रक गेला
की भिंतीला कंप सुटतो आणि तो हलतो, एकदाच, हिसका बसल्यासारखा.
मी डोळे मिटून पाहतो.
मला नाही सांगता येत काय लागलं.