पाऊणकी

चौथीत गुरुजींनी पाऊणकी पाठ करून घेतली होती.
दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन,
अडखळलं की तळहातावर छडी.
पुढे पाणीपट्टीच्या खात्यात एकतीस वर्षं काढली,
पाणी बिलात पाहिलं, थकबाकीत पाहिलं,
पाऊणकी कुठे लागली नाही.

लागली ती सारसोळ्याच्या जेट्टीवर.

पहिल्या रविवारी आम्ही अठरा जण, सकाळी सातला,
कोरे हातमोजे, कोरे गमबूट,
कुलविंदरचा मोठा थर्मास, लेल्यांच्या गोण्या घडी घातलेल्या,
आणि समोर खाडी काठोकाठ.
तिवरांचे नुसते शेंडे वर.
कचरा पाण्याखाली निवांत झोपलेला.
हिरूबाई तांडेल जाळ्याचा दोरा दाताने तोडत म्हणाली,
"आयतवार तुमचा. दर्याचा नाय.
आज नवमी हाय. दुपारच्याला या."

नऊ पाऊण पावणेसात.
भरतीचा तास तिथीत असतो, हे मला
निवृत्तीनंतर दोन वर्षांनी कळलं.
घरी येऊन पंचांग शोधू लागलो, तर बायकोला वाटलं
हे आता देवाला लागले.

तेव्हापासून आम्ही तिथीने उतरतो.
झुबेदा मॅडम कॉलेजातले तास बदलून घेतात.
लेल्यांनी एकदा रजेच्या अर्जात कारण लिहिलं: तृतीया.
साहेबांनी उपास समजून मंजूर केली.

गाळातलं काय ते आधी हाताला कळतं, मग डोळ्यांना.
गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, कुणाकुणाचा रक्तदाब.
मखराचा खांब.
काचेच्या चौकटीतले देव, पाण्यात सोडलेले
आणि पाण्याने परत केलेले;
त्यांना गोणीत घालताना अजून हात थबकतो,
नवनाथ म्हणतो, काका, चौकट तरी काढा, काच लागेल.
काच वेगळ्या गोणीत.
ओहोटीला गावातली पोरं निवट्या धरायला
अनवाणीच उतरतात इथे.

चतुर्थीची गोष्ट. नऊला खाडी रिकामी,
अकराला पाणी फिरलेलं,
आम्ही हात धूत होतो.
पक्ष्यांचे फोटो काढायला एक मुलगा खाली गेला होता,
कधी गेला कुणी पाहिलं नाही,
हाक आली तेव्हा मांड्यांपर्यंत आत.
एक पाय ओढे, तर दुसरा रुते.
कॅमेरा मात्र डोक्यावर धरलेला, दोन्ही हातांनी.

"पाय नको मारू! निज! पोटावर निज!"
हिरूबाईचा तो आवाज पलीकडच्या काठाने ऐकला असेल.

त्या सकाळी आम्ही फ्रिजचं एक दार काढलं होतं,
चौघांनी, तासभर, शिव्या घालत.
तेच चिखलावर ढकललं.
नवनाथ त्याच्यावर पालथा, कमरेला दोर,
दोराचं दुसरं टोक आमच्या हातांत.
अठरा जण कधी एका दिशेने ओढतील
असं आमच्या सोसायटीच्या सभा पाहून वाटलं नसतं.

मुलगा निघाला. बूट एक तिथेच राहिला.
रडला नाही, फक्त विचारत होता, कार्ड भिजलं का.
झुबेदा मॅडमनी त्याला चहा दिला आणि मग
एक सणसणीत वाक्य सुनावलं,
जे इथे लिहीत नाही.
बूट पंचमीला मिळाला. गोणीत गेला.

दार घंटागाडीला दिलं नाही.
जेट्टीच्या खांबाला दोन खिळ्यांवर टांगलंय,
दोर गुंडाळून शेजारी.
आतल्या बाजूला अंड्यांचे सहा खळगे आहेत,
एकात खडू असतो.
त्या खडूने मी रोज भिंतीवर आकडा लिहितो,
आजची ओहोटी, ठळक, लांबून वाचता येईल असा.

हिरूबाईला अक्षर येत नाही.
आकडा काय लिहिला ते विचारते,
ओल्या खांबावरच्या शेवाळाकडे क्षणभर बघते
आणि म्हणते, "पाव तास पुढं घे."

मी अंगठ्याने पुसतो.
पुढे घेतो.