दोन वाजून अकरा

रात्री मॉर्फिड प्रॉसर
गमबूट चढवून सेव्हर्नच्या काठी येते.
निवृत्तीला सहा वर्षं झाली,
गुडघे कुरकुरतात.

आधी आवाज. मग ती लाट,
समुद्राकडून, नदीला उलटं वाचत,
न फुटता.
तिचं समीकरण मॉर्फिडनं सोडवलं होतं
एका हिवाळ्यात, पेन्सिलीनं.

लाटेमागून काचेसारखी वामेची पिल्लं.
त्यांच्यापायी तीस वर्षं गेली:
चौथा दशांश जरा हलला
की दहाव्या वर्षी नदी रिकामी,
नाहीतर ओसंडून.

जाळं उचलत आयव्हर विचारतो,
"बाई, यंदा किती?"

"लाट दोन अकराला म्हटलं होतं, आली.
पिल्लांचं तूच सांग."

तो बादलीवर कंदील धरतो.
ती चष्मा पुसते,
वाकते,
एक, दोन…
हलतात मेली.
पुन्हा एक.