तिसरा नळ

टिडवर्थच्या शाळेत मी ऑफिसात बसते.
नावं घालते, नावं काढते.
सप्टेंबरात एकदम घोळका, मग अधूनमधून
नोव्हेंबरातल्या एखाद्या ओल्या मंगळवारी
सायप्रसच्या उन्हात रापलेलं एखादं पोर
दारात उभं, दप्तर छातीशी धरून,
मागे आई,
आईच्या हातात फाइल.

माझे वडील पोस्टात होते. दर तीन वर्षांनी बदली.
आई म्हणायची, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.
मला वाटायचं, विंचवाचं बरं आहे,
त्याला नव्या वर्गात उभं राहून
नाव सांगावं लागत नाही.

इथे नव्या मुलाला घ्यायला मी जात नाही.
हेडबाईही नाही.
गळ्यात पिवळी दोरी घालून
आठवीतली मेरेओनी येते.
वडील फिजीचे, फौजेत ट्रक चालवतात.
तिची ही पाचवी शाळा.
रोमन लोक तिला तीनदा शिकवून झालेत,
अपूर्णांक एकदाही नाही.

ग्रंथालयात दोन तासांचं प्रशिक्षण झालं, बिस्किटांसकट.
नव्या मुलांशी काय बोलावं, त्याचा कागद वाटला.
पहिलाच प्रश्न: तू मूळची कुठली?
मेरेओनीनं त्यावर काट मारली,
खाली लिहिलं: याच्या आधी कुठे होतीस?
आणि तळाशी, ठळक:
'सगळं छान होईल' असं कुणीही म्हणायचं नाही.

नेरिस आली त्या दिवशी ती म्हणाली,
पहिला नळ गळतो, दुसऱ्याला लोखंडाची चव,
पाणी तिसऱ्याचं पी.
मधल्या संडासाची कडी लागत नाही.
फ्रेंचच्या सरांना नाव आजच नीट सांग,
या आठवड्यात राहिलं तर वर्षभर
तू दुसरीच कुणीतरी.
खिडकीजवळचं टेबल कुणाचंच नाही.
म्हणजे आपलं.

तेवढ्यात माळावर तोफांचा सराव सुरू झाला.
तावदानं थरथरली, माझा चहा हलला.
दोघींपैकी एकीनंही मान वर केली नाही.
तेवढं एक सगळ्या शाळांत सारखं असावं.

नेरिसचे वडील सहा महिने कुठेतरी.
मेरेओनीनं विचारलं नाही कुठे.
एवढंच म्हणाली, रविवार वाईट जातो.
सोमवारी फाटकापाशी थांब,
आपण बरोबर आत जाऊ.

फेब्रुवारीत मेरेओनीची आई आली.
हातात फाइल.
कॅटरिक, म्हणाली. उत्तरेला. थंडी फार आहे म्हणतात.
मी यादी उघडली, नावावर बोट ठेवलं,
तर काचेपलीकडून मेरेओनी:
इतक्यात काढू नका, बाई.
शुक्रवारपर्यंत आहे मी.

शुक्रवारी पिवळी दोरी तिनं
सभागृहात नाही दिली, टाळ्यांत नाही.
नळापाशी दिली.
नेरिसनं ती गळ्यात न घालता मुठीत गुंडाळली.
तिकडे तुला घ्यायला कोण येईल?
मेरेओनीनं तोंड धुतलं,
बराच वेळ धुतलं.
असेल कुणीतरी, म्हणाली.

चार वाजता मी कॅटरिकला फोन लावला.
माझ्यासारखीच कुणीतरी, खुर्चीतली.
सोमवारी तुमच्याकडे एक मुलगी येतेय.
हो हो, म्हणाली, फाइल मिळालीय.
फाइलचं नाही, मी म्हटलं.
तुमच्याकडे पाणी कुठल्या नळाचं प्यावं?

पलीकडे शांतता.
मग, जरा वेगळ्या आवाजात:
थांबा हं. विचारून सांगते कुणालातरी.

मी रिसीव्हर कानाशी धरून बसले.
तिच्या पावलांचा आवाज लांब गेला,
एक दार उघडलं,
आणि आत पोरांचा गलका.