खोटी हवा

पळताना काही नाही हो, डॉक्टर मार्सिच सांगतात,
ओपिचिनाचा चढ एका दमात चढते.
पण सिग्नलला थांबलं की थरथरते,
दोनदा खोकते आणि गप्प.
मागे बस, बसमागे अर्धं त्रिएस्ते,
आणि सगळ्यांचे हात हॉर्नवर.

चौऱ्याहत्तर सालची आल्फा. रंग लाल होता म्हणतात,
आता विटेचा.
तीन गॅरेजं फिरून आमच्याकडे आली.
पहिल्याने प्लग बदलले, दुसऱ्याने कॉइल,
तिसऱ्याने आयडलचा स्क्रू अर्धा फेरा पिळला
आणि बिल मात्र पूर्ण लावलं.

इवो प्रेगार्ट्स तो स्क्रू आधी मूळ जागी आणतो.
इंजिन तिथल्या तिथे मरतं.
"हं," तो म्हणतो, "आता खरं बोलली."

पुन्हा सुरू. हेडकव्हरवर तो
शंभर लिरांचं जुनं नाणं कडेवर उभं करतो. पडतं.
मग मडगार्डवर तळवा, डोळे मिटलेले.
बघणाऱ्याला वाटतं, ऐकतोय.
त्याला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली.
कानाचं यंत्र जेटच्या खणात पडलंय,
पन्नास आणि पंचावन्न नंबरच्या मधोमध.
तो भुवई उचलतो, मी बोटं दाखवते.
एवढीच आमची भाषा, आणि ती आम्ही कुणाला सांगितलेली नाही.

मी एकेक वायर उपसते.
पहिली काढली, इंजिन लंगडलं. दुसरी, लंगडलं.
तिसरी काढली, काहीच नाही.
जेवायला बसलेल्या घरातून एक जण उठून जावा
आणि वाढणारीचा हातही थांबू नये, तसं.
मी तीन बोटं वर करते.

ठिणगी निळी. कॉम्प्रेशन चारीत सारखं.
जेट फुंकून पाहिले, पेट्रोल येतंय.
उरली हवा.
आमच्याकडे तिला खोटी हवा म्हणतात:
मोजून घेतलेली नव्हे, चोरून शिरलेली.
या गावाला वारा शिकवावा लागत नाही.
बोरा सुटली की इथे उताराच्या रस्त्यांवर
धरून चालायला दोर बांधत असत,
आणि कुठल्या खिडकीची फट कुठल्या सुरात रडते
ते झोपेतही कळतं आम्हाला.

स्प्रेची नळी मी जोडांभोवती फिरवते.
इथे नाही. इथे नाही.
मागच्या कार्ब्युरेटरखाली फुस्स केलं,
आणि इंजिन एकदम चार पायांवर उभं राहिलं,
क्षणभर, औषध पुरलं तेवढंच.
इवोच्या तळव्याला ते माझ्याआधी कळलं असावं;
त्याने डोळे उघडले होते.

खाली वाकून काही दिसेना.
डॉक्टरांनी जरा लाजत खिशातून
आपला दात बघायचा आरसा काढला.
आरशात रबरी जोड, पोटाकडून केसभर चिरलेला.
थंड असताना मिटलेला, तापला की ओठ उघडणारा.
"कीड," डॉक्टर म्हणाले, "दाढेच्या पाठची.
फोटोतही सुटते कधीकधी."
त्यांना फार आनंद झाला होता.

वेगात असताना ही फट कुणाला लागत नाही.
एवढ्या हवेत तेवढी हवा कोण मोजतो?
थांबल्यावर मात्र
आत काय येतंय त्याचा हिशेब द्यावा लागतो.

चारही जोड नवे घातले. माझ्या बोटांची सालं गेली.
दिवे लागता लागता गाडी सुरू केली.
"काय कान आहे तुमचा!" डॉक्टरांनी
इवोचा हात दोन्ही हातांत धरला.
इवो त्यांच्या ओठांकडे बघत राहिला,
मान डोलावली, चिंधी शोधली.

मी नाणं उभं केलं.
बराच वेळ राहिलं, मग खणकन गाडीखाली.
इवोची पाठ होती. वळला, भुवई उचलली.
मी दहा बोटं दाखवली, वर आणखी एक.

"पुरे," तो म्हणाला,
जरा जास्तच मोठ्याने.