मापात पाप

तुर्कूच्या गोदीत, तीन नंबरच्या शेडला लागून
माझी खिडकी. एकतीस वर्षं
मी तिथून हातमोजे देतो.
दहा, अकरा, बारा.
चेहरे लक्षात राहत नाहीत माझ्या,
हात राहतात:
हा डावखुरा, ह्याचा अंगठा भाजलेला,
हा लग्नाची अंगठी दोऱ्यात ओवून गळ्यात घालणारा.

नोव्हेंबरात मुख्य कचेरीनं एक मोठं चित्र पाठवलं.
नऊ चेहरे, सगळे हसरे,
खाली ठळक अक्षरं: इथे सगळ्यांना जागा आहे.
त्यातला एकही चेहरा आमच्याकडचा नव्हता.
इतके पांढरे दात आख्ख्या गोदीत कुणाचे नाहीत.
भिंतीच्या फटीतून वारा यायचा,
तिथे मी ते डकवलं. वारा थांबला, हे कबूल.

त्याच आठवड्यात होदान आली.
होदान वारसामे, फिटर.
जन्म इथलाच, वारिस्सुओच्या उंच इमारतींमधला,
बोली माझ्याहून अस्सल तुर्कूची,
शब्दांची शेपटं गिळणारी.
डोक्यावरचा रुमाल हेल्मेटखाली बसेल असा
स्वतः शिवलेला.
"सात आहे?"
दहा आहे, म्हटलं.
"आठ?"
दहा आहे, पोरी.
तिनं दहा घेतले,
आणि एकेका बोटाला चिकटपट्टी गुंडाळत
शेडमध्ये गेली.

मी फॉर्म काढला. फॉर्मवर सात नव्हतं.
पुरवठादार म्हणाला, कमीत कमी दोन हजार जोड.
साहेब म्हणाला (चांगला माणूस आहे, खरंच)
लिहून ठेव, पुढच्या अंदाजपत्रकात बघू.
मी लिहून ठेवलं.
लिहून ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

फेब्रुवारीत समुद्र गोठलेला असताना
ड्रिलच्या पिळानं मोज्याचं रिकामं टोक धरलं,
आणि रिकाम्या टोकामागोमाग बोट.
नखाएवढंच गेलं, म्हणाले सगळे.
नखाएवढंच.
मोजा माझ्या खिडकीवर परत आला,
खराब मालाची नोंद करावी लागते.
मी रकाना भरला: नग एक, आकार दहा.
माप मारणारा वाणी
निदान नफा तरी खातो.
मी काय खाल्लं?

त्या संध्याकाळी पट्टी न घेता
फॉर्मवर पेनानं एक रकाना आखला, वाकडा.
साहेबाची सही नाही. दोन हजार जोड.

खोकी आली तेव्हा बर्फाचा चिखल झाला होता.
होदान अजून रजेवर.
खिडकीशी पहिला आला तो तौनो,
पाइपवाला, साठीला टेकलेला,
माझ्याही आधीपासून गोदीत.
इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला,
"सात आलेत म्हणे?"

मला वाटलं, मुलीसाठी मागतोय.
त्यानं अंगावरचे दहा नंबर काढले, उलटे केले,
तशा बोटांच्या टोकांतून चिंध्या पडल्या खिडकीवर.
नीट घड्या घातलेल्या दहा चिंध्या,
कुठल्याशा जुन्या पडद्याच्या, निळ्या फुलांच्या.
एकतीस वर्षं ह्या हातांत मी मोजे ठेवतोय.
हात लक्षात ठेवणारा मी.

"कधी बोलला नाहीस?"
"तू दहा म्हणायचास."

सात चढवले त्यानं. मूठ वळली.
उघडली. पुन्हा वळली.
मागची रांग ताटकळली, तरी कुणी
घसासुद्धा खाकरला नाही.

होदान एप्रिलात आली.
मी काही न विचारता सातचा जोड पुढे सरकवला.
तिनं घातला. चार बोटं चपखल.
पाचव्याचं टोक मोकळं, लुळं.
ते तिनं चिमटीत धरून मला दाखवलं.
"ह्याला आता सहा लागेल," म्हणाली.
हसली नाही. मीही.

मी फॉर्म काढला.