धोपाव्याची कैफियत

लिहा कारकून. नाव बाबाजी बिन विठू कीर,
जात भंडारी, वस्ती धोपावे, दाभोळच्या पैल.
हुद्दा गोलंदाज.
डावा कान बहिरा, तोही लिहा,
तो सरकारी कामात गेला.
कोणत्या सरकारच्या, ते पुढे येईल.

थोरले धनी निवर्तले त्या दिवशी
माझी गुराब दक्षिणेला नांगरलेली,
धाकटा भाऊ सोमा उत्तरेला, शिडं शिवायला गेलेला.
धन्याच्या लेकांनी दर्या वाटून घेतला;
आम्ही जिथे उभे होतो, तिथेच वाटले गेलो.
याला तुमच्यात निष्ठा म्हणतात ना?
मग लिहा, निष्ठा.

कार्तिक वद्य सप्तमीस
त्यांची सात गलबतं रेटत रेटत खाडीत घातली
आणि मागोमाग आम्हीही शिरलो.
सरदार म्हणाले, कोंडी झाली.
सरदार घाटावरचे. तलवारीला चांगले.
अष्टमीला भांग लागली,
तोंडावरचा वाळूचा दांडा
पालथ्या तव्यासारखा उघडा पडला.
ते कोंडले, आम्हीही कोंडलो,
मधे तोफेच्या दोन टप्प्यांचं पाणी.

दिवसा मारगिरी.
रात्री तहान.
गोड्या पाण्याची विहीर एकच,
आमच्याच गावात, उंडीच्या झाडाखाली.
पहिला प्रहर त्यांचा, दुसरा आमचा.
हा तह कोणी केला नाही,
त्यावर शिक्का नाही, तुमच्या दप्तरात सापडायचा नाही.
आलेला माणूस लांबूनच खाकरायचा,
बसलेला घागर उचलून उठायचा,
तोंडं कोणी पाहायची नाहीत.

तिसऱ्या रात्री एकजण उठलाच नाही.
म्हणाला, बाबल्या, चुना आहे का?
दाऊद सारंग.
मी नऊ वर्षांचा असताना
याने माझं बोट धरून तोफेच्या कानावर ठेवलं होतं,
म्हणाला होता, इथे बत्ती, आणि तोंड उघडं ठेव,
नाहीतर आपले कान जातील.
चुना दिला. निम्मं पान त्याने मला दिलं.
विहिरीचा दोर त्या दिवशी तुटलेला;
दोघांनी बसून जोडला,
काही काथ्या त्यांच्या गलबतावरचा, काही आमच्या.
उठताना म्हणाला,
तुझा सोमा आमच्यात नाळेकडे झोपतो,
उजव्या अंगाला.
मी म्हटलं, बरं.

द्वादशीपासून पाणी चढू लागलं.
चंद्र जसजसा झिजला
तसतसे सरदार मोठ्याने बोलू लागले.
चतुर्दशीच्या पहाटे, पुरत्या भरतीला,
त्यांची पहिली गुराब दांड्यावर आली.
हुकूम झाला, नाळेवर मार.
मी तोफेचं तोंड सरकवलं.
दोन बोटं, जास्त नाही.
तोफेपाशी दोन बोटं म्हणजे
तिकडे नाळेपासून सुकाणूपर्यंतचं अंतर.
सुकाणूपाशी सारंग उभा असतो.
हे मला ठाऊक नव्हतं
असं लिहू नका.

सोमा वाचला. माझ्या हातचं पाणी
त्याने पुन्हा घेतलं नाही. वीस वर्षं.
सरदारांना कडं मिळालं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे:
दोन्ही आरमारं कोणी जाळली,
आणि त्या उजेडात कोणी कोणाला खिलत दिली.
तुमच्या तक्त्यात घरं दोनच, म्हणता,
थोरली पाती, धाकटी पाती.
मग मला थोरल्या पातीत घाला.
दोन सालांचा रोजमुरा थकला आहे,
मिळायचा तर तिकडूनच मिळेल.

फक्त तो दोर कुठेतरी नोंदवा.
लांबी अकरा हात, जोड चार.
दोन जोड माझे, दोन दाऊदचे;
कुठले कुठले, ते ओढताना हाताला कळत नसे.
आता? आता कुठला दोर.
बरीच वर्षं त्याला म्हैस बांधत होतो,
गेल्या पावसात कुजला.
अंगठा इथे करू का?